आतली बाजू

"आत फिनिश नको तात्या, टूलच्या रेघा आहेत तशाच राहू देत," असं मी म्हणालो तेव्हा तात्यांनी लेथ बंद केला, चकमधला तांब्याचा तुकडा चिंधीनं पुसला, चष्मा कपाळावर चढवून आत वाकून बघितलं आणि विचारलं, "का रं? दिसणार न्हाई म्हणून व्हय?" आवाजात राग वगैरे काही नव्हता, खरंच विचारत होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं वर्कशॉप माझ्या जन्माच्या आधीपासून आहे, दोन लेथ, एक मिलिंग, कोपऱ्यात देवाचा फोटो, आणि तिथनं बाहेर पडणाऱ्या कामाला आतून-बाहेरून सारखंच फिनिश असतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी सांगितलं की तसं नाही, आत गॅस उकळणार आहे आणि खरखरीत पृष्ठभागावर तो जास्त चांगला उकळतो, गुळगुळीत केलं तर उलट नुकसान. ते "बरं" म्हणाले, चहा सांगितला, मग ऊसदरावर बोलणं गेलं. पण घरी येताना गाडीवर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. उत्तर मी दिलं होतं आणि ते बरोबरही होतं, तरी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं असं सारखं वाटत राहिलं.

तर तो तुकडा म्हणजे इव्हॅपोरेटर, ज्याच्या पोटात गॅस उकळतो आणि गारवा येतो तो भाग. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर एरवी पंखा आणि हीटसिंक असतो तिथं हा बसवायचा आणि मागं फ्रीजचं सगळं खटलं जोडायचं, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, फिल्टर, आणि द्रव थोडा थोडा सोडणारी बारीक नळी, कॅपिलरी. कल्पना माझी नाही, 2000 साली क्रायोटेक नावाच्या अमेरिकन कंपनीनं एएमडीचा अ‍ॅथलॉन असाच गार करून एक गिगाहर्ट्झचा कॉम्प्युटर बाजारात आणला होता, डेन्मार्कच्या एसेटेकचं व्हेपोचिल पण त्याच काळातलं. बाकी सगळे पार्ट कोल्हापुरात मिळतात. कॉम्प्रेसर भंगारात निघालेल्या वॉटर कूलरचा, पाव एचपी, कराडच्या किर्लोस्कर कोपलँडचा, रंग उडालेला पण चालू केल्यावर आवाज एकदम स्वच्छ. कंडेन्सर पण त्याच कूलरचा. कॅपिलरी आणि फिल्टर फ्रीज स्पेअरच्या दुकानात कुणीही देतं. फक्त इव्हॅपोरेटर कुठंच मिळत नाही, तो आपला आपणच करायचा, आणि सगळी गंमत, सगळं डोकं तिथंच लागतं.

मला स्वतःला या कामात सगळ्यात जास्त कशानं धरून ठेवलं असेल तर ते उकळण्यानं. आपल्या मनात उकळणं म्हणजे गरम हे इतकं पक्कं बसलंय की उकळून गार करणं ऐकायलाच कसंतरी वाटतं. पण उकळणं दाबावर असतं. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथं चहाचं पाणी शंभरला नाही तर 98 डिग्रीच्या आसपास उकळतं, पन्हाळ्यावर त्याहून एखादा डिग्री आधी. आणि फ्रीजवाले ज्याला नुसतं 134 म्हणतात तो गॅस हवेच्या साध्या दाबाला उणे 26 ला उकळतो. म्हणजे त्याच्या दृष्टीनं आपली अख्खी खोली धगधगती भट्टी आहे, तो बाटलीतून बाहेर आला की उकळायलाच लागतो, आणि उकळायला लागणारी उष्णता समोर जे असेल त्यातून ओढून घेतो. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिट लावल्यावर जो गारवा येतो तो हाच. त्यामुळं तांब्याच्या त्या तुकड्यात गार असं काहीच नसतं. तिथं फक्त द्रव येतो, उकळतो आणि निघून जातो. आपण करायचं काय, तर त्याला नीट उकळायला जागा करून द्यायची.

जागा करून द्यायची म्हणजे काय हे कागदावर मांडायला बसलो तेव्हा कळलं की हे प्रकरण दिसतं तेवढं साधं नाही. माझा प्रोसेसर जुना आहे, इंटेलचा आय सेव्हन 2600 के, 2011 चा, त्याची सिलिकॉनची चकती 216 चौरस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी. ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला की त्यातून 180 वॅटच्या आसपास उष्णता येते. एवढी उष्णता न्यायला 134 गॅस किती लागतो याचा हिशोब केला तर सेकंदाला जेमतेम दीड ग्रॅम. दीड ग्रॅम! इतकं थोडं पुरतं हे बघून आधी भारी वाटलं. पण तोच दीड ग्रॅम द्रवाची वाफ झाली की उणे 20 ला आकारमान दोनशे पट होतं, सेकंदाला लिटरचा पाचवा भाग वाफ, आणि ती जर तीन मिलिमीटर रुंद, तीन मिलिमीटर खोल नालीतून न्यायची म्हटली तर तिचा वेग ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर भरतो. तांब्याच्या गठ्ठ्याच्या पोटात, चक्राकार वळणं घेत! मग ती भिंतींना घासणार, दाब तुंबणार, आणि दाब तुंबला की तळाशी उकळण्याचं तापमान वर चढणार. दाबाच्या गेजवर शून्य पीएसआयला, म्हणजे हवेच्या साध्या दाबाला, उणे 26, पाचला उणे 19, दहाला उणे 14. नाली अरुंद करून जरा जास्त भिंती मिळवायला जावं तर हातातली गारठा देणारी डिग्री अशी निसटते. आणि नाली मोकळी सोडावी तर द्रवाला टेकायला तांबंच कमी पडतं, तो न उकळताच पुढं पळतो, वाफ परत नेणाऱ्या सक्शनच्या पाइपातून थेट कॉम्प्रेसरात जातो आणि तिथं वाल्वची वाट लावतो.

भिंत पण हवी आणि वाट पण हवी.

हे गणित सोडवताना मी रात्री डायनिंग टेबलावर बसायचो आणि पप्पा समोर टीव्ही बघत असायचे. पप्पा शिरोलीला फाउंड्रीत होते, सगळी नोकरी कोअर शॉपमध्ये. लहानपणी त्यांच्या कपड्यांना एक वास असायचा, मळीचा, करपलेल्या गोडसर वाळूचा, कारण तेव्हा कोअरच्या वाळूत बाइंडर म्हणून मळी घालायचे, नंतर सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडवर काम गेलं तसा तो वास कमी झाला. शाळेत असताना मला कळायचं नाही की आपले पप्पा नक्की बनवतात काय. मित्रांचे वडील कुणी पंप बनवायचे, कुणी इंजिनाचे पार्ट, दाखवता येईल असं काहीतरी, आणि पप्पा वाळूचे वेडेवाकडे आकार बनवायचे जे ओतकाम झाल्यावर हातोड्यानं फोडून, हलवून काढून टाकतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "मी इंजिनातली मोकळी जागा करतो." इंजिनाच्या ब्लॉकमध्ये सिलेंडरभोवती पाणी फिरतं ती जागा, वॉटर जॅकेट, ती कुठल्या ड्रिलनं पाडता येत नाही, इतकी वळणावळणाची असते. ती आधी वाळूत घडवायची, साच्यात टांगायची, भोवती 1400 डिग्रीच्या आसपासचं वितळलेलं लोखंड ओतायचं, आणि थंड झाल्यावर वाळू काढून टाकली की जे उरतं ते पप्पांचं काम. तेव्हा मला ते उत्तर कसंतरीच वाटलं होतं, वर्गात सांगण्यासारखं नव्हतं ते. आता त्याच टेबलावर बसून मी पण मोकळी जागाच काढत होतो की, फक्त तांब्यात.

ड्रॉइंग शेवटी असं ठरलं. 50 मिलिमीटर व्यासाचा तांब्याचा रॉड, 40 लांबीचा तुकडा, वजन सातशे ग्रॅम. तळ पाच मिलिमीटर भरीव ठेवायचा, म्हणजे नखाएवढ्या जागेतली उष्णता पसरायला थोडी जाडी मिळते, आणि फार जाड ठेवली तर तांब्यातूनच जाताना डिग्री वाया जातात. तळाच्या वर मधोमध एक छोटी वाटी, कॅपिलरीचं तोंड बरोबर तिच्यावर, द्रव थेट तिथं आदळेल जिथं खाली सिलिकॉन आहे. तिथून स्पायरल बाहेरच्या कडेपर्यंत, कडेवरून वरच्या मजल्यावर, तिथं नाली खालच्यापेक्षा रुंद, कारण तोपर्यंत बरीच वाफ झालेली असते, आणि मग वर मोकळा कप्पा आणि सक्शनचा पाइप. कॅपिलरी त्या सक्शन पाइपाच्या पोटातूनच आत आणायची, म्हणजे येणारा द्रव जाणाऱ्या गार वाफेतून थोडा आधीच निवतो आणि बाहेर एकच पाइप दिसतो. हे पाइपात पाइप घालणं कुणी शोधून काढलं माहीत नाही पण ज्याने काढलं त्याला मानलं पाहिजे.

आणि मग रेघांचा प्रश्न. चहाचं आधण ठेवलं की पातेल्याच्या तळाकडं नीट बघा, बुडबुडे कुठूनही येत नाहीत, ठराविक ठिकाणाहूनच माळ लागते. तिथं काहीतरी ओरखडा असतो, खाच असते, तिच्यात वाफेचा बारीकसा कण अडकून राहतो आणि पुढचा प्रत्येक बुडबुडा त्या कणावरच वाढतो. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर बुडबुडा सुरू व्हायलाच जागा नसते, मग द्रव नुसता तापत राहतो, हटून बसतो. म्हणून आत खाचा हव्यात, भरपूर हव्यात. दुसऱ्या टोकाला पण एक धोका आहे, उष्णता फार झाली तर बुडबुडे इतके दाटतात की एकमेकांत मिसळून वाफेचा थरच तयार होतो आणि द्रव तांब्याला टेकतच नाही. डोशाच्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर थेंब न उकळता नाचत पळतात ते हेच, लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1756 साली यावर लिहून ठेवलंय. बेताच्या तापलेल्या तव्यापेक्षा खूप तापलेल्या तव्यावर थेंब जास्त वेळ टिकतो, हे किती विचित्र आहे! माझ्या चकतीवर चौरस सेंटिमीटरला ऐंशीच्या वर वॅट येतात, ते तसेच द्रवाला दिले तर हा थर यायची भीती, म्हणून तर पाच मिलिमीटर तांबं, म्हणून भिंती, म्हणून खाचा. त्या रेघा म्हणजे आळस नव्हे, ते काम आहे. हे सगळं मला तात्यांना सांगायचं होतं आणि मी एका वाक्यात आटोपलं होतं, कारण वर्कशॉपमध्ये दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.

तांबं कापणं हे वेगळंच प्रकरण असतं. पितळ कसं कुरकुरीत तुटतं, चिप्स उडतात, तांबं चिकट, टूलला धरतं, लांबलचक गुंडाळ्या निघतात आणि ड्रिल आत गेलं की तांबं त्याला आवळून ठेवतं. तात्या हाय स्पीड स्टीलचं टूल स्वतः ग्राइंडरवर धरून धार लावत होते, पोटाचा कोन बाजारच्या टूलपेक्षा बराच जास्त ठेवून, आणि ब्रशनं रॉकेल सोडत होते. रॉकेल आता मिळत कुठं, पण त्यांच्याकडं एका कॅनमध्ये जपून ठेवलेलं आहे, तांब्यासाठीच काढतात. त्या वासानं मला एकदम आजीचा स्टोव्ह आठवला. पहिल्यांदा टूल लागलं आणि आतला रंग दिसला, वरची काळपट कातडी निघून तो गुलाबी, जवळजवळ ओला वाटणारा रंग, तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. हे फार सुंदर मटेरिअल आहे. कुणीतरी मला म्हणालं होतं की हुपरीहून चांदी घेऊन चांदीचाच कर की, चांदी सगळ्यात चांगली उष्णता वाहते. वाहते खरी, पण उष्णता वाहण्याच्या मापात तांबं साधारण 400 आणि चांदी 430 च्या आत, एवढ्याशा फरकासाठी अर्धा-पाऊण किलो चांदी प्रोसेसरवर बसवण्यात काही अर्थ नाही. हुपरीच्या पैंजणांना चांदी राहू दे.

झाकण लावायच्या आधी तो तुकडा मी घरी आणला आणि पप्पांच्या हातात दिला. त्यांनी दिवा लावायला सांगितला नाही, चष्मा मागितला नाही, करंगळी आत घातली आणि डोळे मिटून स्पायरलमधून फिरवली, जेवढी जाईल तेवढी. मग कोपऱ्यात एका ठिकाणी थांबले. "इथं बर हाय बघ." अगदी बारीक, तांब्याचा उचललेला काठ, मला नुसत्या डोळ्यांनी दिसला पण नव्हता. मी त्यांना तात्यांचा प्रश्न सांगितला, आत खरखरीत ठेवायला सांगितलं त्याचा. ते म्हणाले, "जॅकेट आतनं खरखरीतच असतंय की. वाळूचा पोत उतरतोय त्याच्यावर. तिथं पॉलिश कोण मारतंय? पण आत वाळूचा खडा चिकटून राहिला तर पाणी अडतंय आन इंजिन बसतंय. मी दर ब्लॉकमध्ये तार घालून बघायचो." टीव्हीचा आवाज परत मोठा केला त्यांनी. मला मात्र त्यात बरंच काही मिळालं. म्हणजे आतल्या बाजूची काळजी घ्यायची ती चकाकीसाठी नसते, तिथून जे जाणार आहे त्याच्यासाठी असते. चकाकी आपल्याला हवी असते, पाण्याला नको असते.

झाकण बसवण्याचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा अंगावर येणारं निघालं. फ्रीजवाल्या मित्राला पाव इंची पाइप जोडायची सवय, त्याच्या टॉर्चनं सातशे ग्रॅम तांबं तापतच नाही, इकडून दिलेली उष्णता तिकडं पसरून जाते, ज्या गुणासाठी तांबं निवडलं तोच आडवा येतो. मग शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ऑक्सी-अ‍ॅसिटिलिन आणला, भोवती भट्टीच्या विटा रचल्या, दोघांनी दोन बाजूंनी धरलं, आणि एका क्षणी तो गठ्ठा मंद लाल झाला आणि जोडकामाचा सिल्व्हर रॉड टेकवल्याबरोबर वितळून पाण्यासारखा सांध्यात ओढला गेला, पूर्ण गोल फिरून आला. पूर्ण वेळ सक्शन पाइपातून नायट्रोजन सोडून ठेवला होता, नाहीतर आत काळी खपली धरते, ती सुटून कॅपिलरीत अडकते, आणि कॅपिलरीचं भोक आठ दशांश मिलिमीटर, तिला अडकायला काहीच लागत नाही. गार झाल्यावर नायट्रोजनचा दाब भरून साबणाचं पाणी लावलं, कुठंही फेस आला नाही. मित्र खूश. मला आनंद झालाच पण थोडं वाईट पण वाटलं. इतके दिवस रोज बघत होतो ते स्पायरल, त्या रेघा, ती मधली वाटी, आता कुणालाही कधी दिसणार नाही, बाहेरून आता नुसता झाकण लावलेला डबा.

त्यानंतरचं काम पावसाळ्यात आलं आणि कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे माहितीच आहे, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की सगळं गाव पंचगंगेच्या पातळीचे आकडे विचारत असतं. अशा हवेत वीस डिग्रीच्या खाली गेलेली कुठलीही वस्तू ओली होते आणि मी मदरबोर्डच्या मधोमध उणे तापमान आणणार होतो. दोन ठिकाणी पाण्याशी गाठ असते. एक आतलं पाणी, पाइपात राहिलेला हवेचा ओलावा, तो गॅसबरोबर फिरत कॅपिलरीच्या तोंडाशी येतो आणि तिथं बर्फ होऊन वाट बंद करतो. त्यासाठी व्हॅक्यूम पंप लावून रात्रभर ठेवला. तिथंही परत उकळणंच, दाब 32 मिलीबारच्या खाली गेला की 25 डिग्रीलाच पाणी उकळून निघून जातं. दुसरं बाहेरचं पाणी. एसीवाले पाइपावर चढवतात तो काळा फोम तांब्याच्या ब्लॉकभोवती, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटभोवती, बोर्डाच्या मागच्या बाजूला पण, कारण गारवा पिनांमधून मागं उतरतो, आणि सॉकेटच्या आत चक्क व्हॅसलिन भरायचं. साधं तत्त्व आहे, जिथं हवाच पोचत नाही तिथं दव पडत नाही. पण पंधरा हजारांच्या वस्तूत बोटानं व्हॅसलिन भरताना हात जड होतोच.

मित्रानं गॅस मारला तो एकदम थोडा थोडा, गेजकडं बघत. कॉम्प्रेसर चालू. आधी काही नाही. मग पाइपावर हात ठेवला होता तिथं गारवा सरकत येताना जाणवला, नंतर पांढरं दव, मग कडक बर्फाची पूड. गेजची सुई खाली येत शून्याच्या जवळ टेकली. लोड दिला, प्रोसेसरचे सगळे कोर पूर्ण पळवले, सुई वर चढली आणि सहा-सातवर थांबली, तळाला चिकटवलेल्या सेन्सरवर उणे 12. प्रोसेसर पाच गिगाहर्ट्झच्या वर, कंपनीनं दिलेला वेग 3.4. एवढं सगळं करून त्याचा उपयोग काय असं घरात विचारलं गेलंच, आणि रोजच्या वापराला खरंच काही नाही, वीज खातो, आवाज करतो, टेबल अडवतो. तरी मी ते आकडे बघत बसलो होतो आणि पोटात काहीतरी हलत होतं. गार सिलिकॉनमधून गळणारा करंट कमी होतो, आतल्या तारांचा रोध कमी होतो, तीच चकती तेच काम जास्त सहज करायला लागते. तिला फक्त तिची उष्णता कुणीतरी न्यायला हवी असते.

दसऱ्याच्या आधी तात्या घरी आले, मीच बोलावलं होतं. त्यांनी स्क्रीनवरचे आकडे बघितले नाहीत, मला वाटलं होतं तसंच. मोठा स्क्रू ड्रायव्हर मागितला, त्याचं टोक फोमच्या फटीतून ब्लॉकवर टेकवलं आणि मुठीला कान लावला, बेअरिंग तपासताना लावतात तसा. खूप वेळ ऐकत होते. मग मला ऐकायला दिलं. आत सतत एक बारीक सळसळ चालू होती, मधूनच तुटक तडतड, कॅपिलरीतून फवारा पडत होता आणि आमच्या रेघांवर काहीतरी उकळत होतं, उणे तापमानाला. मी त्यांना आता सगळं नीट सांगितलं, पातेल्याच्या तळाचे बुडबुडे, अडकलेला वाफेचा कण, वाळूच्या पोताचं पप्पा म्हणाले ते. आणि म्हणालो की दिसणार नाही म्हणून नव्हतं तात्या. ते म्हणाले, "अरं तसं मला वाटलंच न्हवतं. पर रेघा या चुकून पडलेल्या असत्यात. तुला खाचाच पायजेत तर मापात पाडू की."

त्यांच्या डोक्यात आटे आहेत, स्क्रूला असतात तसे. स्पायरलच्या ऐवजी आत मधोमध एक खुंट सोडायचा, त्याच्यावर अर्धा मिलिमीटर पिचचे आटे, बाहेरच्या भिंतीला आतून तसेच, म्हणजे खाचाही मिळतात आणि पृष्ठभागही वाढतो, आणि वाफेला वर जायला वळणं न घेता सरळ मोकळी वाट. कल्पना माझ्या स्पायरलपेक्षा चांगली आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. अडचण एकच, कॉम्प्रेसरचं तेल. गॅसबरोबर थोडं तेल सगळीकडं फिरतच असतं आणि गारव्यात ते घट्ट होतं, आडव्या आट्यांच्या खाचेत बसलं की खाच बुजली, आणि तिकडं कॉम्प्रेसर तेलावाचून राहिला. तात्या म्हणतात उभ्या चार खाचा पाडून आटे तोडूया, वाफ वर जाताना तेल त्या खाचांतून ओढून नेईल. मित्राचं म्हणणं वेगळं, तो म्हणतो गॅसच बदल, 290 घे, म्हणजे प्रोपेन, उणे 42 ला उकळतो, ग्रॅमला दुप्पट उष्णता नेतो आणि हवामानाला 134 एवढा वाईट पण नाही, 134 चा एक किलो सोडला तर चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. हे मला पटतं, पुढचा ब्लॉक बसवताना आत्ताचा गॅस हवेत न सोडता सिलेंडरमध्ये परत काढून घ्यायचा हे आधीच ठरलंय. पण प्रोपेन हवेत दोन टक्क्यांच्या वर जमला की पेट घेतो, कॉम्प्रेसरच्या रिलेला ठिणगी असते आणि शेजारच्या खोलीत पप्पा झोपतात. म्हणून घरात 134 च, 290 साठी गच्चीवर वेगळी शेड झाल्यावर बघू. उभ्या खाचा चार की सहा यावर तात्यांचं आणि माझं अजून ठरलेलं नाही, त्यांना चारच हव्यात, जास्त पाडल्या तर आट्यांचा कस जातो म्हणतात. रॉड मी आणून दिलाय, 60 चा.